गल्लीतला कॉम्प्युटरवाला इथे येत नाही

पुण्या-नाशिकात घरचा कॉम्प्युटर बिघडला की आपण एक फोन करतो. संध्याकाळी स्कूटरवरून कोणीतरी येतो. पाठीवरच्या सॅकमध्ये पेन ड्राइव्ह, एक जुना कीबोर्ड, दोन-चार केबली आणि स्क्रू ड्रायव्हरचा डबा. "फॉरमॅट मारावा लागेल काका," असे म्हणून तो बसतो, चहा घेतो आणि रात्री नऊपर्यंत विंडोज, ऑफिस, मराठी फॉन्ट, अँटिव्हायरस असे सगळे टाकून देऊन जातो. त्यातले अस्सल किती, अँटिव्हायरसची किल्ली कोणाच्या नावावर, जुन्या फोटोंचे काय झाले, हे आपण दुसऱ्या दिवशी विचारतो. पण काम चालते. घरच्या संगणकाची सगळी काळजी आपण वर्षानुवर्षे या एका माणसावर सोपवलेली असते.

जर्मनीत हा माणूस नाही. दुरुस्तीची दुकाने आहेत, पण यंत्र उघडून दोष काय तो सांगण्याचेच वेगळे पैसे पडतात. घरी येणारा तासाने पैसे घेतो आणि अस्सल परवाना नसेल तर विंडोजला हात लावत नाही. मी चौदा वर्षे श्टुटगार्टच्या परिसरात राहतो. दर ऑक्टोबरात हिवाळी सत्र सुरू झाले की नव्याने आलेली मराठी मुले आणि नोकरीवर आलेली जोडपी ओळखीतून फोन करतात. प्रश्न दोन ठरलेले: लॅपटॉप कोणता घेऊ आणि अँटिव्हायरस कोणता टाकू? तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. हा लॅपटॉप उद्या सकाळी सुरूच झाला नाही तर माझे काय काय जाईल? पासपोर्टच्या आणि पदवीच्या स्कॅन केलेल्या प्रती, घराचा करार, पगारपत्रके, कर भरल्याचे कागद, आधार, पॅन, मुलाच्या जन्माचा दाखला. परदेशात घरचा संगणक म्हणजे आपले कागदपत्रांचे कपाट. म्हणून यंत्र निवडण्यापासून अँटिव्हायरसपर्यंतचा सगळा विचार मी या तिसऱ्या प्रश्नाच्या उजेडात करतो.

आधी यंत्र. भारतातून घेऊन यावे की इथे घ्यावे? शिकायला येणारा बहुतेकदा घेऊनच येतो आणि त्यात चूक नाही. मात्र निघण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपवर विंडोजची 'होम सिंगल लँग्वेज' आवृत्ती असते. तिच्यात पडद्यावरची भाषा बदलता येत नाही. इंग्रजीवर काम भागते त्याला याचा त्रास नाही, पण पुढे तो लॅपटॉप जर्मन शाळेत जाणाऱ्या मुलाला द्यायचा झाला तर अडचण येते. दुसरी गोष्ट हमीची. काही कंपन्यांची हमी जगभर चालते, काहींची ज्या देशात खरेदी केली तेवढ्यापुरतीच. हे बिलावर कळत नाही, कंपनीच्या हमीपत्रात वाचावे लागते.

इथे विकत घेण्याचा मोठा फायदा कायद्याचा आहे आणि आपल्या लोकांना तोच ठाऊक नसतो. जर्मनीत या बाबतीत दोन शब्द आहेत. 'गारान्टी' म्हणजे कंपनीने स्वखुशीने दिलेली हमी. 'गेवेरलाइस्टुंग' म्हणजे विक्रेत्यावर कायद्याने टाकलेली जबाबदारी. नव्या वस्तूसाठी ती दोन वर्षांची असते. १ जानेवारी २०२२ पासूनच्या खरेदीत पहिल्या बारा महिन्यांत दोष निघाला तर तो मुळातच होता असे धरले जाते, तसे नसल्याचे सिद्ध करणे विक्रेत्याच्या माथी. आपण सवयीने कंपनीचे सेवाकेंद्र शोधत फिरतो. इथे बिल घेऊन ज्या दुकानातून घेतले त्याच्याच दारात उभे राहायचे. 'गेवेरलाइस्टुंग' हा शब्द उच्चारला की काउंटरपलीकडच्या माणसाचे बोलणे बदलते, हे मी तीन वेळा पाहिले आहे. ऑनलाइन घेतले असेल तर चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते, ते वेगळेच.

इथल्या लॅपटॉपची अडचण म्हणजे कीबोर्ड. जर्मन कीबोर्डवर झेड आणि वाय यांनी जागा बदललेल्या असतात, उजवीकडे तीन उम्लाउट अक्षरे असतात आणि ईमेलमधले 'ॲट'चे चिन्ह क्यूच्या कळीवर जाऊन बसलेले असते. पासवर्डमध्ये वाय असलेल्या माणसाचा पहिल्या दिवशी हमखास गोंधळ होतो. टिंबांआड आपण झेड टाइप करतोय हे दिसत नाही आणि पाच-सहा प्रयत्नांनंतर खाते बंद होते. इन्स्क्रिप्टने मराठी टाइप करणाऱ्याचे मात्र काही अडत नाही, त्याची बोटे कळीची जागा ओळखतात, तिच्यावर छापलेले अक्षर नव्हे. इंग्रजी कीबोर्डचे लॅपटॉपही इथे मागवता येतात, थोडी वाट पाहावी लागते.

वीज दोन्ही देशांत सारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झ. फरक प्लगमध्ये आहे. भारतातून आणलेल्या तीन पिनांच्या प्लगला लोक स्वस्तातला ॲडाप्टर लावतात. त्यातले कित्येक अर्थिंग जोडतच नाहीत, मग धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर मनगट टेकले की मुंग्या येतात. यासाठी नवा चार्जर घ्यायची गरज नसते. चार्जरच्या विटेपासून भिंतीपर्यंतची दोरी सुटी होते, तेवढीच जर्मन प्लगची घ्यावी. काही युरोंत प्रश्न सुटतो. अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्टचा दाब असतो, पण लॅपटॉपच्या चार्जरवर '१०० ते २४०' लिहिलेले असले की तो कुठेही चालतो. जुना डेस्कटॉप नेणाऱ्याने मागच्या बाजूचे दाब बदलायचे लाल बटण आधी पाहावे. यूपीएस आणि स्टॅबिलायझर घ्यावा का, असेही विचारले जाते. इथे वर्षाकाठी सरासरी पंधरा मिनिटेही वीज जात नाही. ते पैसे वाचवा, पुढे त्यांचे काम आहे.

यंत्र किती ताकदीचे हवे, यावर दुकानदार अर्धा तास बोलतो. माझे मत दोन ओळींत सांगतो. घरच्या कामाला १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी असावी, प्रोसेसर मधल्या प्रतीचा चालतो. रॅम पुढे वाढवता येते की बोर्डावर कायमची डकवलेली आहे, हे घेण्यापूर्वी विचारावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न नव्या-जुन्याचा. जर्मन कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक असे लॅपटॉप भाड्याने घेतात आणि तीन-चार वर्षांनी परत करतात. ते साफसूफ करून, तपासून, हमीसह विकणारे व्यापारी इथे आहेत. विद्यार्थ्याने दुकानातल्या झगमगीत स्वस्त लॅपटॉपपेक्षा यांतला एक घ्यावा. बांधणी दणकट, कीबोर्ड चांगला आणि बहुतेकांचे मागचे झाकण चार-सहा स्क्रूंत उघडते. वापरलेल्या वस्तूवर विक्रेता आपली जबाबदारी एक वर्षापर्यंत आणू शकतो, पण ते त्याने स्पष्ट सांगायला हवे. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहायची: विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधीचे यंत्र कितीही चांगले दिसले तरी घेऊ नये.

हे सांगायचे कारण विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचे नेहमीचे अपडेट थांबवले. युरोपातल्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत विनामूल्य मिळतात, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्ट खात्याने नाव नोंदवावे लागते. ज्यांचे यंत्र विंडोज ११ ला नालायक ठरले त्यांनी या मुदतीनंतर त्यावर बँकेचे काम करू नये. लिनक्स मिंट टाकून तेच यंत्र पुढे चार-पाच वर्षे चालवता येते. ब्राउझर, ईमेल, लिब्रे ऑफिस आणि युनिकोड मराठी सगळे त्यावर नीट चालते.

मॅकबद्दल थोडक्यात. महाग आहे, टिकते, आणि विषाणूंची झाडाझडती करणारा 'एक्सप्रोटेक्ट' त्यात २००९ पासून आहे. मॅकला विषाणू लागत नाही ही समजूत मात्र सोडून द्यावी.

आता देखभाल. अपडेट ही पहिली देखभाल. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेचे अपडेट काढते. आपण 'नंतर आठवण करा' दाबतो आणि ती आठवण महिनोन्‌महिने पुढे ढकलतो. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला तेव्हा इथल्या रेल्वे स्थानकांवरच्या फलकांवर गाड्यांच्या वेळांऐवजी खंडणीची मागणी झळकत होती. ज्या भोकातून तो आत शिरला ते बुजवणारे अपडेट मार्च महिन्यातच येऊन पडले होते. दोन महिने अनेकांनी ते घेतले नव्हते, एवढीच त्या हल्ल्याची मूळ कथा. बुधवारी रात्री लॅपटॉप रीस्टार्ट करायचा, हा नियम माझ्या घरात दिवाबत्तीसारखा पाळला जातो.

बाकी देखभाल हवामानाची. इथल्या हिवाळ्यात सायकलवरून शून्याखालच्या थंडीत आणलेला लॅपटॉप घरात येताच उघडला तर आतल्या गार पत्र्यावर दव धरते. तासभर बॅग बंदच ठेवावी. गादीवर, रजईवर ठेवून काम केले की खालच्या जाळीतून हवा मिळत नाही आणि पंख्यात धाग्यांचा बोळा जमतो. वर्षातून एकदा झाकण उघडून ब्रशने आणि दाबलेल्या हवेच्या डब्याने पंखा साफ करावा, त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असेल तर बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आता बहुतेक कंपन्या देतात, ती चालू करावी.

अँटिव्हायरसकडे येतो. या विषयावर आपल्या लोकांच्या मनात जी भीती आहे ती जुनी आहे आणि तिला इतिहास आहे. पीसीवर पसरलेला पहिला विषाणू 'ब्रेन' १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला, त्यात त्यांच्या दुकानाचा पत्ता आणि फोन क्रमांकही होता. मग फ्लॉपीवरून फ्लॉपीवर लागण होऊ लागली. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात त्यावर औषध काढले, त्यातून 'क्विक हील' उभे राहिले आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात गेले. आमच्या पिढीने दर वर्षी त्या डबीतली किल्ली नव्याने घातली आहे. ज्यांनी हे केले त्यांना 'आता विकतचा अँटिव्हायरस लागत नाही' हे सांगितले तर पटत नाही, हे मी समजू शकतो.

तरी सांगतो. एक विंडोज लॅपटॉप, त्यावर घरचे काम, सगळे अपडेट वेळेवर: एवढ्यासाठी वेगळा अँटिव्हायरस विकत घेऊ नका. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर विंडोजमध्येच आहे. सुरुवातीला तो खरोखर कच्चा होता, ती वर्षे गेली. अँटिव्हायरसच्या स्वतंत्र चाचण्या घेणाऱ्या दोन नावाजलेल्या संस्था आमच्या आसपासच आहेत, एक जर्मनीत माग्देबुर्गला 'एव्ही-टेस्ट' आणि दुसरी ऑस्ट्रियात इन्सब्रुकला 'एव्ही-कंपॅरेटिव्ह्‌ज'. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सुलभता यांना प्रत्येकी सहा असे अठरा गुण देते. गेली कित्येक वर्षे डिफेंडर त्यात विकतच्या नावाजलेल्या अँटिव्हायरसच्या पंगतीला बसतो. त्याची एक उणीव मात्र आहे. इंटरनेट नसताना त्याची पकड ढिली पडते, कारण त्याचे बरेचसे ज्ञान मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. कोणाच्याही पेन ड्राइव्हवरून फायली घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे.

नव्या लॅपटॉपवर महिनाभराचा नमुना म्हणून कुठला तरी अँटिव्हायरस आधीच बसवलेला असतो. तो असेपर्यंत डिफेंडर बाजूला बसतो. महिना संपला की दर दोन दिवसांनी घाबरवणाऱ्या चौकटी येऊ लागतात आणि माणूस भीतीपोटी पैसे भरतो. पहिल्याच दिवशी तो काढून टाकावा आणि डिफेंडर चालू झाल्याची खात्री करावी. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवले तर दुप्पट संरक्षण मिळत नाही, दोघे एकमेकांच्या पायांत येतात.

कोणता अँटिव्हायरस जास्त विषाणू पकडतो, एवढ्यावरच लोक निवड करतात. विचारायला हवे ते हे, की मी घरात कोणाला घेतोय? अँटिव्हायरसला संगणकातल्या प्रत्येक फायलीत डोकावण्याची मुभा असते, वॉचमनच्या हाती सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असाव्यात तशी. युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर तीनच आठवड्यांत, १५ मार्च २०२२ रोजी, जर्मन सरकारच्या बॉनमधल्या माहिती सुरक्षा कार्यालयाने कॅस्परस्की वापरू नका असा इशारा दिला. तो विषाणू पकडण्यात कमी आहे असे कोणाचेच म्हणणे नव्हते. कंपनी मॉस्कोची आहे आणि तिच्यावर दबाव येऊ शकतो, हा आक्षेप होता. २०२४ मध्ये अमेरिकेने त्याची विक्री बंद केली आणि २९ सप्टेंबरपासून अपडेटही. तेव्हा तिथल्या कित्येक ग्राहकांच्या संगणकावर एके सकाळी कॅस्परस्कीच्या जागी भलताच अँटिव्हायरस येऊन बसलेला होता. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि बर्लिनच्या विमानतळावर उड्डाणे थांबली. ते कंपन्यांसाठीचे उत्पादन होते, घरगुती नव्हे, पण या जातीच्या सॉफ्टवेअरचा हात किती खोल जातो ते त्या दिवशी सगळ्यांना दिसले.

फुकटच्या अँटिव्हायरसचीही किंमत असते. अवास्तने ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती आपल्या 'जंपशॉट' या उपकंपनीमार्फत विकली. ते उघड झाल्यावर २०२० च्या जानेवारीत जंपशॉट बंद झाली आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले.

मग विकतचा घ्यावा कोणी? घरात चार-पाच यंत्रे आणि अँड्रॉइड फोन असून सगळ्यांवर एकाच जागेवरून लक्ष ठेवायचे असेल तर घ्यावा. घरून छोटा व्यवसाय करणाऱ्याने घ्यावा. घेताना पहिल्या वर्षाची सवलत पाहू नये, दुसऱ्या वर्षाची किंमत पाहावी. मी एकदा वीस-बावीस युरोंत घेतलेली वर्गणी पुढच्या वर्षी न विचारता चौपट दराने खात्यातून वळती झाली. तेव्हा गप्प बसावे लागले. आता कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे. १ मार्च २०२२ पासून केलेला करार पहिली मुदत संपल्यावर आपोआप वर्षभरासाठी वाढवता येत नाही, महिन्याच्या सूचनेने तो कधीही सोडता येतो. आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून ऑनलाइन करार ऑनलाइनच रद्द करण्याचे बटण देणे बंधनकारक आहे. भारतातून येताना किल्ली विकत आणणाऱ्यांनी आणखी एक पाहावे, काही कंपन्यांच्या किल्ल्या ठरावीक प्रदेशातच चालू होतात.

कोणताही अँटिव्हायरस असला तरी नुकसान होते ते कसे, याचे एक उदाहरण इथल्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला माहीत असायला हवे. डिसेंबर २०१९ मध्ये गीसन विद्यापीठावर सायबर हल्ला झाला आणि सगळे जाळे बंद करावे लागले. नंतर सुमारे ३८ हजार विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांना ओळखपत्र घेऊन रांगेत उभे राहावे लागले. प्रत्येकाला नवा पासवर्ड कागदावर छापून हातात दिला गेला. परीक्षेच्या तोंडावर ईमेल नाही, ग्रंथालयाची यंत्रणा नाही. त्या काळात जर्मनीत 'इमोटेट' हा विषाणू थैमान घालत होता. तो तुमच्या ओळखीच्या माणसाच्या नावाने, तुमच्याच जुन्या ईमेलला उत्तर म्हणून येई. जोडलेली वर्डची फाईल उघडून 'मजकूर दिसण्यासाठी परवानगी द्या' वर बोट पडले की खेळ संपला. जानेवारी २०२१ मध्ये जर्मन केंद्रीय पोलिसांनी इतर देशांच्या मदतीने ते जाळे मोडले, पण ती युक्ती अजून जिवंत आहे.

आपल्या लोकांवर दोन गोष्टींचा विशेष परिणाम होतो असे मी पाहिले आहे. एक, सरकारी शिक्क्याची भीती. २०११ च्या सुमारास केंद्रीय पोलिसांचे चिन्ह लावून पडदा बंद करणारा आणि शंभर युरो दंड मागणारा विषाणू इथे फिरत होता. ज्याचा राहण्याचा परवाना दर दोन वर्षांनी वाढवून घ्यायचा असतो, त्याच्या पोटात असल्या पडद्याने गोळा येतो आणि तो पैसे भरून मोकळा होतो. जर्मन पोलीस संगणकाच्या पडद्यावर दंड मागत नाहीत. कार्यालयांचे काही खरे काम असेल तर पोस्टाच्या पेटीत कागदाचे पत्र पडते. दुसरी गोष्ट, आपल्याच बोलीची ओढ. "मी मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय" असा फोन इंग्रजीत येतो आणि बोलणाऱ्याचा लहेजा भारतीय असतो. परक्या देशात तो ऐकून इतर जण सावध होतात, आपण सैल होतो. मायक्रोसॉफ्ट आपणहून कोणाला फोन करत नाही. संगणक दुरून चालवू देणारे एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर टाका असे अनोळखी माणसाने म्हटले की फोन ठेवायचा, सभ्यपणाचा विचार करायचा नाही.

भारतातून सवयीने येणाऱ्या दोन गोष्टी इथे फार महाग पडतात. पहिली टॉरेंट. नवा मराठी सिनेमा असो की हिंदी, टॉरेंटने उतरवताना तुम्ही तो इतरांना वाटतही असता. जर्मनीत वकिलांच्या कचेऱ्या त्यावर पाळत ठेवतात, न्यायालयामार्फत इंटरनेट पुरवणाऱ्याकडून पत्ता मिळवतात आणि घरी 'आबमानुंग' नावाचे पत्र येते. मागणी शेकडो युरोंची असते. ते आल्यावर घाबरून सही करू नये आणि दुर्लक्षही करू नये. ग्राहक सल्ला केंद्रात किंवा विद्यार्थी संघटनेच्या वकिलाकडे पत्र घेऊन जावे. दुसरी सवय 'क्रॅक' केलेल्या सॉफ्टवेअरची. ते टाकताना पहिली सूचना असते ती अँटिव्हायरस बंद करा अशी. दार उघडून द्यायचे आणि वर कुलूप कोणते चांगले विचारायचे, हे जमणार नाही. विद्यापीठे ऑफिसचा परवाना विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी विनामूल्य देतात, लिब्रे ऑफिस तर आहेच.

घरातला राउटर कोणी मोजतच नाही. नोव्हेंबर २०१६ च्या शेवटी डॉइचे टेलिकॉम या कंपनीच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचे इंटरनेट एका हल्ल्याने बंद पडले, कारण लक्ष्य राउटर होते. संगणकातला अँटिव्हायरस तिथे पोचत नाही. राउटरचे अपडेट आपोआप घेण्याची सोय चालू करा आणि पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय ठेवा. ऑगस्ट २०१६ पासून जर्मनीत आपल्या पसंतीचा राउटर लावण्याचा हक्क ग्राहकाला आहे, तेव्हा कंपनीने दिलेला जुनापुराणा असेल तर बदला.

आणखी एक संकट खास परदेशस्थांचे. विंडोज ११ हल्ली मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले की डिस्क आपोआप सांकेतिक करून ठेवते. चोरी झाली तर हे वरदान. पण एखाद्या अपडेटनंतर यंत्र निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, खाते उघडायला फोनवर कोड येतो आणि तो फोन क्रमांक असतो भारतातला. ते सिमकार्ड नव्वद दिवस वापरले नाही की कंपनीला बंद करता येते आणि क्रमांक पुढे दुसऱ्याला दिला जातो. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा प्रबंध असा कुलूपबंद झाला. डिस्क धडधाकट, फायली जागच्या जागी, आणि उघडता काही येईना. त्या ४८ आकड्यांचा कागद आजच छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा आणि सगळ्या खात्यांना इथला क्रमांक जोडा. भारतीय बँकांसाठी जुना क्रमांक ठेवायचाच असेल तर त्याचे रिचार्ज कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि आता ज्यासाठी वरचे सगळे पैसे वाचवायला सांगितले ते. यूपीएसचे, अँटिव्हायरसचे, तगड्या प्रोसेसरचे पैसे एकत्र करा आणि बाहेरून जोडायच्या दोन हार्ड डिस्क घ्या. नियम जुना आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. डिस्क सतत जोडून ठेवू नका. खंडणीखोर विषाणू जोडलेली प्रत्येक डिस्क गिळतो. शनिवारी जोडा, प्रत घ्या, काढून ठेवा. क्लाउडवर फायली असणे चांगले, पण तिथे इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते, म्हणून त्याला एकुलती प्रत मानू नका.

मराठी माणसाला प्रत घेताना एक वेगळा धोका असतो. माझ्या वडिलांनी आजोबांच्या आठवणी २००१ मध्ये श्रीलिपीत टाइप केल्या होत्या. फाईल मी वीस वर्षे नीट जपली, एका डिस्कवरून दुसरीवर नेली. मागे उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट गेला, मजकूर मुका झाला. परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणायला आणि रफार-जोडाक्षरे हाताने दुरुस्त करायला मला दोन महिन्यांचे रविवार लागले. तुमच्या घरी श्रीलिपी, आकृती किंवा तसल्या जुन्या फॉन्टांतले काही असेल, तर वाचता येते आहे तोवर युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफही करून ठेवा.

माझी घराबाहेरची प्रत नाशिकला आईच्या लोखंडी कपाटात असते. डिसेंबरात जाताना नवी डिस्क नेतो आणि जुनी परत आणतो. तिच्यावर व्हेराक्रिप्टचे कुलूप आहे, पासवर्ड मला आणि माझ्या बायकोला ठाऊक आहे. त्याच फेरीत आईचा संगणकही पाहतो: अपडेट चालू आहेत का, डिफेंडर जागा आहे का, कोणी एनीडेस्क टाकून गेले आहे का. यंदा जाल तेव्हा तुम्हीही अर्धा दिवस त्यासाठी राखून ठेवा. आणि डिस्क कपाटात ठेवण्यापूर्वी ती आईच्या संगणकाला जोडून तुमच्या पासपोर्टची फाईल एकदा उघडून पाहा.